ब्लेड

ब्लेड : स्लोव्हेनिया प्रजासत्ताकातील एक सरोवरकाठचे विश्रामस्थान व पर्यटनकेंद्र. लोकसंख्या सु. ५,०००. हे राजधानी ल्यूब्ल्यानाच्या वायव्येस सु. ५५ किमी. अंतरावर, जूलियन आल्प्सच्या पायथ्याशी वसले आहे. स्थानिक उच्चार ‘ब्लेत’ असा असून जुन्या जर्मन लेखनात याचे नाव फेल्डेस असे आढळते. १९१८ पर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रियाच्या हॅप्सबर्ग राजघराण्याच्या सत्तेखाली, त्यानंतर यूगोस्लाव्हियात व १९९१ पासून स्वतंत्र स्लोव्हेनियात आहे.

गावाची कीर्ती व उपजीविका सरोवरावर अवलंबून आहे. सरोवराची लांबी सु. २·१ किमी., कमाल रुंदी सु. १·४ किमी. व कमाल खोली सु. ३० मी. आहे. हिमयुगाच्या अखेरीस बोहीन्य हिमनदी मागे हटल्यावर राहिलेल्या खोलगट भागात ते निर्माण झाले. त्यास मोठी नदी मिळत नाही. लहान ओढे व ईशान्य टोकाचे कोमट झरे एवढेच त्याचे नैसर्गिक जलस्रोत होत. त्यामुळे पाणी लवकर तापते व स्नानास सुखद होते. परंतु ते फार सावकाश बदलते. या एकाच गुणधर्माने ब्लेडला वैभव दिले आणि पुढे संकटातही टाकले.

जर्मन राजा दुसरा हेन्‍री याने १००४ मध्ये येथील जहागीर ब्रिक्सेनचा बिशप आल्बुइन यास दिली. सरोवरावर सु. १३० मी. उंच उभ्या असलेल्या कड्यावरील किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख १०११ चा आहे. ब्रिक्सेनच्या बिशपांची सत्ता येथे सु. आठ शतके टिकली. किल्ल्यात आता संग्रहालय आहे. अठराव्या शतकात जहागिरीचा एक कारभारी इग्नात्स नोव्हाक याने सरोवर उपसून कोरडे करावे व तळातील माती विटांसाठी वापरावी, अशी योजना मांडली होती. विरोधामुळे ती बारगळली. त्या काळी सौंदर्य हा मिळकतीचा विषय नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे ही योजना वाटते तितकी विक्षिप्त ठरत नाही.

सरोवरातील बेटावर १९६०–७० या दशकात झालेल्या उत्खननात प्रागैतिहासिक वस्तीचे अवशेष, मध्ययुगीन स्लाव्ह लोकांची दफने व आद्य प्रार्थनामंदिराचा पाया आढळला. येथे झीवा या स्लाव्ह देवतेचे मंदिर होते, अशी समजूत आहे. स्लोव्हेन कवी फ्रान्त्से प्रेशेरेन याने क्र्स्त प्रि साव्हित्सी (१८३६) या काव्यात तिला स्थान दिल्याने ती लोकमानसात दृढ झाली. सध्याचे चर्च सतराव्या शतकातील बरोक शैलीचे असून आत जुन्या गॉथिक चर्चमधील भित्तिचित्रांचे अंश टिकून आहेत. धक्क्यापासून चर्चपर्यंत ९९ पायऱ्या आहेत. १५३४ मध्ये पादुवाच्या ओताऱ्याने घडविलेली घंटा वाजविणाऱ्याची इच्छा पूर्ण होते, अशी श्रद्धा आहे. पतिनिधनाने शोकाकुल झालेल्या किल्ल्यातील विधवेने दिलेली घंटा वादळात नावेसह बुडाली व तिच्या मृत्यूनंतर पोपने दुसरी पाठविली, अशी कथा सांगतात.

विश्रामस्थान म्हणून ब्लेडचा उदय आर्नोल्ट रिक्ली (१८२३–१९०६) या स्विस निसर्गोपचारकामुळे झाला. तो वैद्य नव्हता. रंगाईच्या कारखानदारीतून तो या क्षेत्रात आला. प्रकृती सुधारण्यासाठी आला असता येथील हवापाण्याचा गुण आल्याने त्याने १८५५ मध्ये उपचारकेंद्र सुरू केले. सूर्यस्नान, थंड व वाफेची स्नाने, अनवाणी फिरणे व शाकाहार यांवर त्याचा भर होता. मद्य व तंबाखू वर्ज्य होती. रुग्ण हवेशीर लाकडी झोपड्यांत राहत. १८७० मध्ये जवळच्या लेस्त्से येथे रेल्वे आली, तर १९०६ मध्ये बोहीन्य लोहमार्गावर सरोवरालगतच स्थानक झाले. साहजिकच रुग्णांमागोमाग धनिक पाहुणे व हॉटेले आली.

दोन महायुद्धांच्या दरम्यान यूगोस्लाव्ह राजघराण्याचे उन्हाळी निवासस्थान येथे होते. त्याच जागी उभारलेले व्हीला ब्लेड पुढे टीटोंचे विश्रामगृह झाले आणि १९८४ पासून हॉटेल. यूगोस्लाव्हिया, ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील बाल्कन कराराच्या लष्करी तहावर १९५४ मध्ये येथेच सह्या झाल्या. १९३१ ची बुद्धिबळ स्पर्धा अल्येखिनने एकही डाव न गमावता जिंकली. जागतिक नौकावल्हन स्पर्धाही येथे चार वेळा (१९६६, १९७९, १९८९ व २०११) झाल्या.

वस्ती व हॉटेले यांचे सांडपाणी मात्र सरोवरातच जात राहिले. पोषकद्रव्ये साचून तळाकडील पाण्यातील प्राणवायू घटला व नीलहरित सूक्ष्मजीवांच्या अतिवाढीमुळे पाण्यावर लालसर साय दिसू लागली. १९६४ मध्ये राडोव्हना नदीचे थंड, स्वच्छ पाणी सरोवरात आणण्यात आले. ते पुरेसे न ठरल्याने १९८०–८१ मध्ये तळाचे प्राणवायुहीन पाणी वक्रनलिकेने साव्हा बोहीन्यका नदीत काढण्याची सोय झाली व त्याच दशकात सांडपाण्यासाठी वेगळी नलिकायोजना पूर्ण करण्यात आली. त्यानंतर पाण्याची प्रत बरीच सुधारली. तथापि अतिवाढीचा धोका पूर्णपणे टळलेला नाही.

सरोवरात इंधनावर चालणाऱ्या नावांना बंदी आहे. बेटाकडील वाहतूक ‘प्लेत्ना’ नावाच्या सपाट तळाच्या, छत असलेल्या होड्यांतून होते. नावाडी मागे उभा राहून दोन वल्ह्यांनी होडी चालवितो. हा व्यवसाय मुख्यतः काठावरील म्लिनो गावच्या कुटुंबांत वंशपरंपरेने चालत आला असून त्यांचा हक्क सम्राज्ञी मारिया टेरेसाच्या काळचा मानतात. ‘क्रेमश्निता’ ही साय व अंड्यांची केकवडी येथील पार्क हॉटेलात १९५३ पासून बनते. गावाच्या वायव्येस सु. ४ किमी. वरील व्हिंटगार ही राडोव्हना नदीची सु. १·६ किमी. लांबीची घळई १८९३ मध्ये प्रवाशांना खुली झाली.