नॉटपेड पत्र आणि शिक्कामोर्तब

आजचा हिंगोली जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या मुलखात होता. निजामाने १८६९मध्ये स्वतःची टपाल तिकिटे काढली, पण ती संस्थानापुरतीच. हिंगोलीहून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या पत्राला इंग्रजी तिकीट लागे. इंग्रजी टपालात १८५४पासून पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात देशभर जाई. तिकीट नसलेल्या पत्राला मात्र दुप्पट आकार पडे आणि तो घेणाऱ्याने भरायचा. हेच ते ‘नॉटपेड’. नाकारण्याची मुभा होती, पण पाकीट न फोडता. म्हणजे खोडी लिहिणाऱ्याची आणि पेच घेणाऱ्याला. ईमेल जन्मापासून अशीच नॉटपेड आहे, असे माझे म्हणणे आहे. १९७८मध्ये गॅरी थर्क या विक्रेत्याने इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात पाठवली; १९८२मध्ये ठरलेल्या ईमेलच्या नियमांतही ‘प्रेषक’ या जागी कोणाचेही नाव घालता येई.

अशा नको असलेल्या ईमेलवर २००३च्या सुमारास एक उपाय गाजला. अमेरिकेतल्या ‘अर्थलिंक’ने तो ग्राहकांना दिला. अनोळखी पत्र आले की यंत्रच उलट विचारणार, ‘खरेच माणूस असाल तर उत्तर द्या’. तोवर पत्र उंबऱ्याबाहेर. दारात आलेल्याला ‘कोण आपण?’ विचारण्यात गैर काय, असे कोणी म्हणेल. गैर काही नाही, आणि कचरा त्याने अडलाही. पण भामट्याने प्रेषक म्हणून भलत्याचेच नाव घातले, तर ती विचारणा त्या बिचाऱ्याच्या माथी. दोघांकडेही हाच पहारा असेल, तर दोघेही एकमेकांच्या उत्तराची वाट बघत बसणार. आणि रेल्वेच्या तिकिटाचे आपोआप सुटणारे पत्र उत्तर देणार तरी कसे?

मराठी दफ्तराची रीत याहून शहाणी होती. माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब. मजकूर संपला तिथे मोर्तब असल्याने पुढे ओळ घुसडता येत नसे. ओळखीचा पुरावा पत्रासोबतच चाले, मागाहून मागावा लागत नसे. ईमेलमध्ये ‘डीकिम’ ही संगणकी सही २००७मध्ये प्रमाण ठरली, ती याच जातीची. शिक्का खरा म्हणजे माणूस सच्चा असे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे; भामटाही स्वतःच्या नावाचा शिक्का करून घेतो. पण मग बदनामी त्याच्याच नावाची होते, दुसऱ्याच्या नाही. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे धाडणाऱ्यांना अशी सही सक्तीची केली. मोबाईलच्या व्यापारी संदेशांवर प्रेषक म्हणून दिसणारे शीर्षकही दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८च्या नियमांनुसार आधी नोंदवावे लागते. २०२५पासून त्या शीर्षकाच्या शेवटी एक अक्षर असते: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी.