छळ, साक्षीदार आणि संस्था : सातारा ते बडोदे



शाळेने आपल्या एका दिवंगत शिक्षकाच्या स्मरणार्थ योजिलेल्या या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, तो समारंभाला शोभणारा नाही याची मला जाणीव आहे. वर्गात, मैदानावर, वसतिगृहात आणि पुढे कचेरीत एका माणसाला वेगळे काढून त्याचा जो छळ होतो, त्याविषयी मी बोलणार आहे. आपण त्याला कधी टिंगल म्हणतो, कधी दांडगाई, कधी दादागिरी, तर महाविद्यालयात गेले की रॅगिंग. नावे बदलतात, ज्याच्या वाट्याला ते येते त्याची रात्रीची झोप मात्र सारखीच उडते.

या विषयाचा इतिहास सांगायचा तर फार दूर जाण्याचे कारण नाही. त्यातील एक प्रकरण आपल्या या बडोद्यातच घडले आहे. त्याची सुरुवात मात्र साताऱ्यात झाली.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी या मुलाचे नाव दाखल झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत त्या शाळेचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. मारहाणीचा त्यात फारसा उल्लेख नाही. आहे ते गोणपाट आणि पाणी. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसायचे, बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी तो परत न्यायचा, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात गेल्यावरचा प्रसंग धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदविला आहे. शिक्षकांनी गणित सोडविण्यासाठी या विद्यार्थ्यास फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुले ते उचलावयास धावली. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. अस्पृश्यता ही केवळ मुलांची दांडगाई नव्हती. ती धर्म, रूढी आणि मालमत्ता यांच्या आधारावर उभी असलेली व्यवस्था होती, आणि तिला ‘छळ’ एवढेच म्हणणे म्हणजे तिला लहान करणे होय. परंतु ती व्यवस्था वर्गात आणि कचेरीत उतरली, तेव्हा तिने जी साधने वापरली ती आपल्या ओळखीची आहेत : वेगळे बसविणे, न बोलणे, वस्तू न देणे, सर्वांदेखत हिणविणे. म्हणून छळाची घडण समजून घेण्यासाठी हा इतिहास उपयोगी पडतो.

त्याच शाळेत दुसऱ्या प्रकारचे माणूसही होते. आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुटीत आपल्या शिदोरीतील भाकरी-भाजी या मुलाला देत. त्यांनी काही सुधारणेची चळवळ उभारली नाही किंवा व्याख्याने दिली नाहीत. परंतु त्या घासाची आठवण बाबासाहेबांनी पुढे जन्मभर आदराने जपली. या गोष्टीकडे मी शेवटी पुन्हा येईन.

आता बडोद्याकडे वळू. श्रीमंत सयाजीराव महाराजांची कारकीर्द १८७५ ते १९३९ अशी दीर्घ होती. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. अंत्यजांसाठी शाळा काढल्या. त्यांत शिकविण्यास सवर्ण शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान आणि आर्य समाजी शिक्षक नेमले. १९१३ मध्ये त्यांच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. तो पाळण्यासाठी १९१७ मध्ये ते बडोद्यास आले आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू झाले.

कचेरीत काय घडले ते कीरांनी लिहून ठेवले आहे. शिपाई कागदांचे गठ्ठे दुरून टेबलावर फेकीत. ते उठून जाऊ लागले की सतरंज्या गुंडाळीत. पिण्यास पाणी मिळत नसे. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला फावल्या वेळी सार्वजनिक वाचनालयाचा आश्रय घ्यावा लागे. येथे पाहण्यासारखी गोष्ट अशी की, छळ करणारे हुद्द्याने त्यांच्या खालचे होते. सत्ता केवळ पदात नसते. ज्याच्या पाठीशी समूह उभा आहे, त्याच्या हातीही ती असते.

राहण्याचा प्रश्न याहून कठीण होता. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून उतरले. वरच्या मजल्यावर अडगळीच्या सामानाने भरलेल्या अंधाऱ्या दालनात त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेला सुमारे डझनभर माणसांचा जमाव जिना चढून आला आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास फर्मावले. आंबेडकरांना दोन मित्र आठवले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येत आहे, तिला विचारावे लागेल. राहण्याच्या सोयीसाठी केलेला अर्ज महाराजांकडून दिवाणांकडे गेला आणि दिवाणांनी असमर्थता दर्शविली, असे कीर सांगतात. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तोवरचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला. सयाजीबागेतील ज्या वडाखाली ते बसले असे मानतात, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

या हकीकतीत काठ्या घेऊन आलेल्या माणसांवर आपला राग एकवटतो आणि ते साहजिक आहे. परंतु अभ्यासकाची नजर त्या दोन मित्रांवर थांबली पाहिजे. ते शत्रू नव्हते. त्यांनी एकही अपशब्द उच्चारला नाही. एकाने नोकरांचे कारण सांगितले, दुसऱ्याने पत्नीचे. प्रत्येकाने आपल्या घरातील दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविले आणि दार न उघडता दार लावल्याचा दोष टाळला. हिंदुस्थानातील एक पुरोगामी राजा या तरुणाच्या बाजूला होता. त्याचा पैसा, त्याची आज्ञा, त्याचे कायदे बाजूला होते. तरीही कचेरीत पाण्याचा एक पेला आणि शहरात एका रात्रीचा निवारा मिळाला नाही. आज्ञा वरून येते. ती टेबलापर्यंत आणि उंबऱ्यापर्यंत पोहोचवायची असते ती मधल्या माणसांनी. बडोद्यात ती मधली माणसे गप्प राहिली.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, आंबेडकर मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथेही काही सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या एकाच माठातून पाणी पिण्यास हरकत घेतली. साताऱ्याचा नळ, बडोद्याची कचेरी, मुंबईचा माठ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे, ही पाण्याची एक अखंड रेषा आहे. ती १९५० च्या संविधानात पोहोचली. विहिरी, तळी, सार्वजनिक जागा यांच्या वापरात भेदभाव करण्यास अनुच्छेद १५ ने बंदी केली, आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. एका विद्यार्थ्याच्या तहानेला कायद्याचे रूप येण्यास अर्धशतक लागले.

छळाच्या शास्त्रीय अभ्यासाला मात्र त्यानंतरही बरीच वर्षे लागली. १९७० च्या दशकात डॅन ओल्वेउस या संशोधकाने स्कँडिनेव्हियातील शाळांत या विषयाचे पद्धतशीर संशोधन आरंभिले. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सोबत्यांचा छळ असावा, असे दिसल्यावर १९८३ मध्ये तेथील सरकारने देशव्यापी मोहीम हाती घेतली. ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या : हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये याला आणखी एक जोड दिली. छळ ही दोघांमधील गोष्ट नसून तीत सारा वर्ग सामील असतो : कोणी मदत करतो, कोणी हसून उत्तेजन देतो, कोणी मान फिरवितो, आणि एखादाच मध्ये पडतो. बडोद्याच्या कचेरीचे हे वर्णन नव्हे काय?

आपल्याकडेही कायद्याची दृष्टी हळूहळू व्यक्तीकडून संस्थेकडे वळली. १९९७ च्या विशाखा निकालाने आणि २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाची चौकशी करणारी समिती नेमणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले. रॅगिंगविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये निर्देश दिले, राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात एका विद्यार्थ्याचा बळी गेल्यानंतर त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले. त्यांत संस्थाप्रमुखाने २४ तासांत पोलिसांत तक्रार नोंदविण्याची जबाबदारी आहे. अपराधी ओळखू न आल्यास सामुदायिक शिक्षेचीही तरतूद आहे. म्हणजे गप्प राहणाऱ्यालाही कायद्याने मोकळे सोडलेले नाही. २००९ च्याच शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली.

आता माझ्यापुरते थोडे सांगतो. माझ्या शालेय जीवनात वर्गात एक मुलगा बोलताना अडखळत असे. त्याला प्रश्न विचारला की मागच्या बाकांवरून त्याची नक्कल होई. मी नक्कल केली नाही, हे मी पुष्कळ वर्षे स्वतःला अभिमानाने सांगत आलो. मी हसलो होतो, हे मात्र कधी सांगितले नाही. वर्ष संपण्यापूर्वीच तो शाळा सोडून गेला. कमाटी बागेतील ती संध्याकाळ वाचताना मला त्या दोन मित्रांची ओळख पटते, ती यामुळे.

म्हणून या शाळेपुढे आणि येथे बसलेल्या, निरनिराळ्या कचेऱ्यांत अधिकारपदे भूषविणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपुढे मला एवढेच ठेवावयाचे आहे. नियम हवेतच; तक्रार कोणाकडे करावी हे प्रत्येक मुलाला व प्रत्येक कारकुनाला ठाऊक हवे, आणि तक्रार करणाऱ्यावर सूड उगविला जाणार नाही याची हमी हवी. परंतु बडोद्याचा धडा असा की, राजाची आज्ञाही एकट्याने पुरत नाही. जो एकटा पडला आहे त्याच्या शेजारी जाऊन बसणारा एक माणूस लागतो. साताऱ्याच्या त्या शिक्षकाने मधल्या सुटीत तेवढेच केले होते. ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या वर्गातही असे कोपरे असतील आणि त्या कोपऱ्यांपर्यंत ते गेले असतील. उद्या शाळा भरेल तेव्हा आपल्या वर्गातील तो कोपरा कोणता, हे प्रत्येकाने पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.