स्विमिंग गॉगलमुळे डोळ्यांभोवती पुरळ, खाज? क्लोरीनला दोष देण्याआधी हे वाचा

मे महिन्याची सुट्टी लागली की दादरला शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी जलतरण तलावावर बॅचसाठी धावपळ सुरू होते. पोहणं जमायला लागतं त्याच सुमारास काहींच्या डोळ्यांभोवती लाल रिंगणं उठतात. घरचं निदान ठरलेलं असतं, ‘पाण्यातल्या क्लोरीनची अ‍ॅलर्जी!’ पण पाण्याचाच त्रास असता तर मान, काखा, कोपरांच्या आतली बाजूही खाजली असती. पुरळ फक्त गॉगलच्या कडेखाली असेल, तर संशय गॉगलवर घ्यायला हवा.

नेमकं काय झालंय, ते बऱ्याचदा वेळेवरून कळतं. गॉगल काढल्या काढल्या वळ दिसतो, खाज नाही आणि थोड्या वेळात तो मावळतो, तर तो नुसता दाब आहे. पट्टा फार आवळला की आतल्या ओढीने त्वचेखाली रक्ताचे बारीक ठिपकेही उमटतात. त्याच दिवशी चुरचुरायला लागलं, तर कडेत अडकलेलं क्लोरीनचं पाणी, घाम, सनस्क्रीन आणि घर्षण ही कारणं असू शकतात.

खरी अ‍ॅलर्जी मात्र उशिरा उगवते. पोहून आल्यावर साधारण एक ते तीन दिवसांनी खाज, सूज, बारीक पुरळ येतं आणि दर वेळी त्रास वाढत जातो. गॉगल महिनोन्‌महिने वापरल्यावरही अ‍ॅलर्जी सुरू होऊ शकते, त्यामुळे ‘इतके दिवस तर काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

दोषी असतं ते बहुतेकदा कडेचं रबर किंवा काळा स्पंज. हा स्पंज अनेकदा निओप्रीनचा असतो. निओप्रीन बनवताना थायोयुरिया गटातली रसायनं वापरतात, इतर रबरांत थायुराम, कार्बामेट वगैरे. शिवाय चिकटवायचा गोंद वेगळाच. सिलिकॉनची अ‍ॅलर्जी क्वचित होते. म्हणून धोबीतलावच्या स्पोर्ट्सच्या दुकानांत गॉगल घेताना रंगाआधी कड कशाची आहे ते विचारा. मग पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबून बघा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. पट्ट्याचं काम गॉगल जागेवर ठेवण्याचं, आवळण्याचं नाही.

पुरळ आलंच, तर तो गॉगल पूर्ण बंद करा. चेहरा साध्या पाण्याने धुऊन बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीन लावा. लिंबू, हळद, टूथपेस्ट डोळ्यांजवळ नको. (टूथपेस्ट लावणारे आहेत, म्हणून लिहावं लागतं.)

त्याहून मोठी चूक म्हणजे केमिस्टकडून खाजेची ट्यूब आणून चोळणं. अशा अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. पापण्यांची त्वचा अतिशय पातळ असते. तिथे स्टेरॉइड दीर्घकाळ लावल्यास त्वचा आणखी पातळ होते, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूचाही धोका असतो. डॉक्टर काही दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइड देतात, पण ते बघून-तपासून.

दुर्लक्षही परवडत नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर पुरळ बरं झालं तरी काळे डाग महिनोन्‌महिने राहू शकतात. क्वचित उलटंही होतं. गॉगलमुळे डोळ्यांभोवतीचा रंगच उडून पांढरे पट्टे पडल्याची नोंद १९८४ साली वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे.

गॉगल बदलूनही आठवडाभरात फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लालबाग-परळकरांना केईएमचा त्वचारोग विभाग हाकेच्या अंतरावर आहे. अ‍ॅलर्जी शोधायला पॅच टेस्ट करतात. पाठीवर रसायनांच्या पट्ट्या लावून ४८ तासांनी काढतात आणि पुढच्या दोन दिवसांत पुन्हा एकदा बघतात. नेहमीच्या संचात प्रत्येक रसायन असतंच असं नाही, म्हणून जाताना तो गॉगलही पिशवीत टाका. त्याच्या कडेचा तुकडा कापून डॉक्टर थेट त्याचीच चाचणी घेऊ शकतात. डोळा लाल झाला असेल, दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.