सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी?

मी ख्रिस्ती नाही. पण निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसं बायबल सावकाश वाचून काढलं. वाचताना दोन शब्दांपाशी अडलो. एक 'खंडणी' आणि दुसरा 'प्रायश्चित्त'.

येशूनं आपला प्राण माणसांसाठी खंडणी म्हणून दिला, असं मराठी बायबल सांगतं. आम्ही चांद्याकडची माणसं. खंडणी म्हटलं की आम्हांला इतिहासातले नागपूरकर भोसले आठवतात, नाहीतर तेंदूपत्त्याच्या हंगामात कंत्राटदारांकडून जंगलात होणारी वसुली. आपला जीव देऊन दुसऱ्याला सोडवणं हा अर्थ लवकर मनात येत नाही.

प्रायश्चित्ताचंही तसंच. आपल्याकडे ज्याची चूक त्याचं प्रायश्चित्त. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळींवर ग्रामण्य झालं आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. त्यांच्याऐवजी शेजाऱ्यानं घेतलं असतं तर ते कुणी मानलं असतं? ख्रिस्ती धर्म मात्र नेमकं हेच म्हणतो. चुका तुमच्या, प्रायश्चित्त त्यानं घेतलं, आणि ते पूर्ण झालं.

आता पुढचा प्रश्न. ते कोणासाठी घेतलं? सर्वांसाठी, की काही निवडक लोकांसाठी? वरवर पाहता हा पंडितांचा वाद वाटेल. पण आमच्या जंगलातल्या दवाखान्यात, वसतिगृहात एखादा मिशनरी समोरच्या माणसाशी कसा वागतो, हे बरंचसं या उत्तरावर ठरत आलंय असं मला वाटतं. आणि या प्रश्नात माझीही एक जुनी चूक अडकलेली आहे. ती शेवटी सांगतो.

आमच्या भागातलं मिशनरी काम समजून घ्यायचं तर सुरुवात नागपूरपासून करावी लागते. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. या पंथाची श्रद्धा सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबावर उभी होती आणि त्यानुसार ख्रिस्ताचं मरण देवानं आधीच निवडलेल्यांसाठी होतं. ही मतं तिकडे किती कडक पाळली जात, याचं एक उदाहरण देतो. जॉन मॅक्लाउड कॅम्बेल नावाचे एक पाळक 'ख्रिस्त सर्वांसाठी मेला' असं चर्चमध्ये शिकवू लागले. १८३१ साली स्कॉटलंडच्या चर्चनं त्यांना पदावरून काढून टाकलं. 'सर्व' या एका शब्दापायी माणसाची भाकरी गेली!

मग हिस्लॉप आदिवासींकडे निवडक नजरेनं पाहत होते का? गंमत अशी की तसं दिसत नाही. निवडलेला कोण हे देवाला ठाऊक, माणसाला नाही. म्हणून सांगायचं मात्र सगळ्यांना, असा या लोकांचा हिशेब. हिस्लॉपनी शाळा काढली, दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांची भाषा आणि चालीरीती टिपून घेतल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांची टिपणं मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली. त्यात गोंडांचं लिंगोचं मोठं गाणं आहे. लिंगो आपल्याच भावांच्या हातून मारला जातो, पुन्हा जिवंत होतो, आणि गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवतो. हे गाणं लिहून घेताना त्या पाद्र्याच्या मनात काय आलं असेल? मला नेहमी कुतूहल वाटतं.

चांद्यात जे मिशन आलं ते स्कॉटलंडचंच, पण वेगळ्या पंथाचं, एपिस्कोपल. दक्षिणेला सिरोंचात अमेरिकन मेथडिस्ट आले. या दोघांची श्रद्धा हिस्लॉपपेक्षा वेगळी. एपिस्कोपल लोकांच्या प्रार्थनापुस्तकात ख्रिस्ताचं बलिदान साऱ्या जगाच्या पापांसाठी मानलंय. मेथडिस्टांचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांनी तर १७३९ पासून निवडक तारणाच्या मताविरुद्ध जाहीर प्रवचनं केली. म्हणजे वर्धा आणि प्राणहितेच्या काठी जे मिशनरी आले, ते 'सर्वांसाठी' म्हणणारे होते.

पण 'सर्वांसाठी' म्हटल्यानं प्रश्न सुटतो असं नाही. तिथूनच तो खरा सुरू होतो. याचं उदाहरण आमच्या चांद्याशी जोडलेलं आहे.

अलेक्झांडर वुड नावाचे मिशनरी चांद्यात बरीच वर्षं राहिले. पुढे १९१९ मध्ये ते छोटा नागपूरचे आणि १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. १९३२ साली व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा तरुण पाद्री मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेला. सोबत शामराव हिवाळे, आपले मराठी ख्रिस्ती. दोघेही पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले. एल्विन गांधीजींच्या सहवासात आलेला, काँग्रेसच्या बाजूचा. मंडला नागपूरच्या बिशपच्या अखत्यारीत येत होतं. वुड यांनी एल्विनला धर्मकार्याचा परवाना नाकारला. एक कारण राजनिष्ठेच्या शपथेचं होतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एल्विन गोंडांना औषध देणार होता, शाळा काढणार होता, पण त्यांना ख्रिस्ती करायला निघालेला नव्हता.

दोघांची श्रद्धा एकाच वाक्यावर. ख्रिस्त सर्वांसाठी मेला. बिशपांचं म्हणणं साधारण असं समजता येईल की, मग ही बातमी गोंडांपासून लपवण्याचा तुम्हांला अधिकार काय? माझ्या घरी औषध आहे आणि मी शेजारच्या आजाऱ्याला सांगितलंच नाही, तर तो कसला शेजारधर्म? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चांद्याच्या उन्हाळ्यात आयुष्याची वर्षं घालवलेला माणूस ते म्हणत होता. एल्विनच्या वागण्यातून निघणारं उत्तर असं की, गोंड देवाच्या बाहेर कधी नव्हतेच, मग त्यांना आत कशात ओढायचं? १९३५ साली एल्विन चर्च सोडून गेला. पुढे तो मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावाजला. हिवाळे मात्र मंडल्यातच काम करत राहिले. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

हाच वाद पुढे सरकारच्या दारात गेला. १९५४ मध्ये मध्यप्रदेश सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. तेव्हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. १९५६ च्या अहवालात शाळा, दवाखाने आणि वसतिगृहं यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो असा ठपका होता. ख्रिस्ती लोकांनी तो एकतर्फी म्हटला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. खुद्द नियोगी यांनीही नागपूरच्या त्या सोहळ्यात बौद्ध धम्म स्वीकारला. १६ तारखेला बाबासाहेबांनी आमच्या चांद्यात दीक्षा दिली. म्हणजे नियोगींचा आक्षेप धर्म बदलण्यालाच होता असं म्हणता येत नाही. गरजवंताची अडचण आणि त्याची श्रद्धा यांची अदलाबदल होऊ नये, हा मुद्दा मला त्या अहवालातून घ्यावासा वाटतो. बाकी अहवालाशी सहमत व्हा किंवा होऊ नका.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९६२ मध्ये, केरळच्या सीरो-मलबार कॅथलिक चर्चनं चांदा मिशन सुरू केलं. केरळबाहेरचं त्यांचं हे पहिलं मिशनक्षेत्र. जबाबदारी सी.एम.आय. या संघाकडे आली. हा संघ केरळात मन्नानम इथं १८३१ साली स्थापन झालेला. कॅम्बेलना पदावरून काढलं तेच हे वर्ष! १९७७ मध्ये चांदा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याचं मुख्य ठाणं बल्लारपूर. योगायोग असा की १९६२ च्याच ऑक्टोबरात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. ख्रिस्त सर्वांसाठी मेला, म्हणून देवाला माहीत असलेल्या मार्गानं प्रत्येक माणसाला, ख्रिस्ती नसलेल्यालासुद्धा, त्यात वाटा मिळू शकतो, असं या परिषदेनं १९६५ मध्ये लिहून ठेवलं. 'सर्व' शब्दाचा इतका रुंद अर्थ कॅथलिक चर्चच्या परिषदेनं क्वचितच काढला असेल. परिषदेनं धर्मप्रचार थांबवला नाही हेही सांगायला हवं. पण बाप्तिस्मा न घेतलेला माणूस म्हणजे गमावलेलं गिऱ्हाईक, असं समजण्याचं कारण उरलं नाही.

आता माझी गोष्ट.

तरुणपणी मी अहेरीच्या पलीकडे एका गावात शिक्षक होतो. चौथीत एक मुलगी होती, हुशार. पुढची शाळा लांब. एक दिवस तिचा बाप आला आणि म्हणाला, "गुरुजी, सिस्टरबाईच्या होस्टेलात पोरीले ठेवू का जी?" मी क्षणभरही विचार केला नाही. म्हणालो, "नको. धर्म बदलवतील." ज्या सिस्टरांबद्दल बोललो त्यांना मी तोवर भेटलोही नव्हतो. बाप मान हलवून गेला. गुरुजींचा शब्द! मुलगी घरीच राहिली.

दोन वर्षांनी मला मलेरियानं गाठलं आणि त्याच सिस्टरांच्या दवाखान्यात चार दिवस पडून होतो. बरा झाल्यावर जरा खोचकपणेच विचारलं, "इतकं करता, तुम्हांला काय मिळतं?" मल्याळी वळणाच्या मराठीत त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या येशूनं सगळ्यांचं भरलं आहे. मग आम्ही तुमच्याकडून परत कसं घेणार?" होस्टेलमध्ये किती मुलींचा बाप्तिस्मा झाला तेही विचारलं. म्हणाल्या, "एकीचाही नाही. जागा अजून आहे. कोणी असली तर पाठवा."

पाठवायची ती मुलगी तेव्हा सासरी होती.

त्या बाईंचं उत्तर मला पुढे बायबल वाचताना उलगडलं. खंडणी भरून झाली असेल, तर वसुली करण्याचं कारणच उरत नाही. ना पैशात, ना निष्ठेत, ना धर्मांतरात. 'सर्वांसाठी' या श्रद्धेची परीक्षा मला इथं दिसते. सांगायचं त्यानं सांगावं, बिशप वुड म्हणत तसं. ऐकणाऱ्याला पटलं तर त्यानं खुशाल स्वीकारावं, तो त्याचा हक्क. पण न ऐकणाऱ्याच्याही ताटात तितकंच वाढलं पाहिजे. हात आखडला की समजावं, तोंडानं सर्व म्हणणाऱ्याच्या मनात अजून निवडक लोकांची यादी आहे. सगळेच मिशनरी या परीक्षेत उतरले असं मी म्हणणार नाही. पण नापास व्हायला मिशनरीच असावं लागतं असंही नाही. त्या दिवशी मनात यादी होती ती माझ्या.

बऱ्याच वर्षांनी अहेरीच्या बसस्थानकावर एक बाई जवळ आली. कडेवर मूल. तिनं मला ओळखलं नसावं. मी ओळखलं. म्हणाली, "हे गाडी एटापल्लीले जाते का जी?" गाडीवर पाटी होती, मोठ्या अक्षरांत. मी वाचून सांगितली.

असो.