छागल आणि वैमानिकाचा पोशाख

मलकापूर-मोताळा-बुलढाणा रस्त्याने उन्हाळ्यात जाणाऱ्या गाड्यांना पूर्वी पाण्याची छागल टांगलेली असे. नवी छागल पहिल्यांदा भरली की गळते. थोड्या वेळाने गळणे आपोआप कमी होते. असे का व्हावे? कापडाचे तंतू पाणी शोषून जाडीने फुगतात, लांबीने फारसे वाढत नाहीत. त्यामुळे धाग्यांमधली छिद्रे बुजतात.

दुसऱ्या महायुद्धात हाच गुणधर्म वैमानिकांच्या कामी आला. ब्रिटनमधून निघालेली जहाजे आर्क्टिक समुद्रातून रशियाला रसद नेत. त्यांच्या रक्षणासाठी उडालेले विमान पाण्यात पडले, तर वैमानिक काही मिनिटांतच गारठून जाई. रबरी पोशाख पाणी अडवी, पण घामाची वाफही कोंडून ठेवी. मँचेस्टरच्या शर्ली संस्थेतील संशोधकांनी यावर अतिशय घट्ट विणीचे सुती कापड तयार केले. त्याचे नाव 'व्हेंटाइल'. कोरडे असताना त्यातून वाफ बाहेर पडते. भिजताच धागे फुगून वाट बंद होते.

अशी वीण लांब, बारीक तंतूंच्या कापसाशिवाय साधत नाही. त्या काळी वऱ्हाडचा कापूस उमरावतीवरून 'उमरा' नावाने जगाच्या बाजारात ओळखला जाई, पण तो आखूड धाग्याचा. मोताळ्याच्या शेतातला कापूस या कामी आला नसता.

आज युद्धप्रसंग पुन्हा उभे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी आणि संग्राहकांसाठी त्या काळच्या वैमानिकी पोशाखांच्या नकला शिवल्या जातात. रंग, खिसे, ब्रिटिश हवाई खात्याचा मुकुटाचा शिक्काही हुबेहूब उतरवता येतो. छायाचित्रावरून वीण मात्र उतरवता येत नाही. नकलेला आमचा विरोध नाही. नक्कल अंगावर चढवावी आणि जीर्ण अस्सल वस्तू पेटीत सुरक्षित ठेवावी, हे चांगलेच. पण नक्कल अस्सल म्हणून विकली गेली, तर उद्या तिचे धागे मोजणारा अभ्यासक चुकीचा इतिहास लिहील. म्हणून शिवणाऱ्याने आतल्या बाजूस आपले नाव व वर्ष न पुसणाऱ्या शाईने घालावे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एका पेल्याच्या तोंडावर विरळ सुती कापड, दुसऱ्यावर जाड सुती कॅनव्हास खोलगट बांधा. दोन्हींत सारखेच पाणी ओता आणि दर मिनिटाला पडणारे थेंब मोजा. विद्यार्थ्यांना विचारा : दोन्ही कापडे कापसाचीच, मग फरक कशाचा?