गटाचे काम आणि श्रेयाचा वाटा

चौघांचा प्रकल्प, काम दोघांचे आणि गुण मात्र चौघांना सारखे, ही तक्रार दर उन्हाळ्यात आमच्या कानी येते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गटाने करावयाच्या प्रकल्पांचे नियम कसे असावेत, यावर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. परंतु हा प्रश्न मुळात श्रमाच्या मोजमापाचा आणि श्रेयाच्या वाटपाचा आहे, आणि त्या दोहोंशी आमचा जन्माचा संबंध आहे. शिवाय 1989 च्या कायद्याने आपल्या जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ निघाले, तेव्हापासून हे शिक्षण आपल्या दारी आले आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. फेब्रुवारी 1946 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एनिॲक हे इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र लोकांना दाखविण्यात आले. तोफेचा गोळा प्रत्यक्ष जाऊन पडावयास जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात यंत्राने त्याचा मार्ग काढून दिला. त्या यंत्राला कामास लावण्याची विद्या सहा स्त्रियांच्या गटाने नुसते आराखडे वाचून हस्तगत केली होती. वाहवा झाली ती यंत्राची व ते बांधणाऱ्यांची. या सहाजणींचा त्या समारंभात कोणी गौरव केला नाही. केथलीन मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन ही ती नावे. आम्ही ती मुद्दाम येथे उच्चारतो.

पुढे कामे वाढली, गट मोठे झाले. 1960 नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीच्या सिस्टिम 360 या यंत्रांसाठी जी प्रचंड आज्ञावली लिहिली गेली, तिचे काम फ्रेडरिक ब्रूक्स यांच्याकडे होते. त्या कामात आलेल्या अनुभवावर त्यांनी 1975 साली पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते अधिकच लांबते, असे त्यांचे म्हणणे. नव्या माणसाला शिकवायला जुन्याला हातचे काम सोडावे लागते, आणि परस्परांत बोलणीही वाढतात. चार माणसांत सहा जोड्या होतात, तर आठ माणसांत अठ्ठावीस! खाडीच्या बांधावर माणसे वाढविली की माती लवकर पडते. आज्ञावलीचे तसे नाही. एका बाबतीत मात्र बांधाचे साम्य खरे आहे. एके ठिकाणी खांड पडली की खारे पाणी सर्वांच्याच शेतात शिरते. म्हणून गट चौघांहून मोठा नसावा, असे आमचे मत आहे.

2005 साली लिनस टॉरवल्ड्स यांनी गिट हे साधन तयार केले. कोणत्या नावावर, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली गेली, याची नोंद त्यात राहते. हा एक प्रकारचा हजेरीपटच होय. शिक्षकांनी तो जरूर पाहावा. पण ओळी मोजून गुण देऊ नयेत. तसे केल्यास नगावर मजुरी ठरविल्यासारखे होईल, आणि मुले चार ओळींचे काम चाळीस ओळींत करतील. ज्या मुलीने रात्रभर बसून दुसऱ्याची चूक शोधली व एकच ओळ बदलली, तिचे काम त्या पटावर जवळजवळ दिसतच नाही.

आपल्या कोळी बांधवांच्या वाट्याच्या पद्धतीत होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसांचे वाटे धरतात. हे मासळी मिळाल्यावर भांडून ठरवीत नाहीत. होडी पाण्यात लोटण्यापूर्वीच ठरलेले असते. मुलांनीही पहिल्याच आठवड्यात कोणी काय करावयाचे ते लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. काम बदलले तर कागदही बदलावा. काही गुण साऱ्या गटाला सारखे आणि काही ज्याचे त्याला द्यावेत. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला त्याच्या सोबत्याने केलेल्या भागाविषयीही विचारावे. कोण नुसताच नावाला होता, ते तेथे कळते.

आणि एखादा मुलगा कामास येत नसेल, तर आधी त्याच्याकडे चौकशी करावी. तो रोज दोन एसटी बदलून येत असेल, किंवा त्याच्या घरी संगणकच नसेल. अशाला सोयीचे काम वाटून द्यावे. त्यानंतरही तो आला नाही, तर तक्रार पाचव्या आठवड्यातच शिक्षकांकडे लेखी न्यावी आणि त्याचे म्हणणे त्याच्या तोंडून ऐकले जावे. पंधराव्या आठवड्यात निवाडा करावयास शिक्षकाच्या हाती काही उरलेले नसते.