कातडीचे टक्के

१८५३ साली धाराशिव गहाण पडलं होतं, तेही फौजेच्या पगारासाठी! हैदराबाद कंटिन्जंट नावाची एक फौज होती. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. पैसे थकत गेले, कर्ज चढलं आणि त्या वर्षीच्या तहात निजामाला वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा मुलूखही कंपनीच्या हवाली करावा लागला. ठगांवरच्या कादंबरीमुळे आपल्याला माहीत असलेला मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गात राहून इथला कारभार बघत होता. १८६० साली जिल्हा परत मिळाला. म्हणजे सात वर्षं इथल्या शेतसाऱ्यावर पलटणी पोसल्या गेल्या.

धडधाकट शिपायाच्या पगारासाठी एवढा मोठा तह. पण तोच शिपाई निकामी झाला तर? आणि निकामी झाला तो हात-पाय तुटून नाही, तर कातडीच्या रोगाने? गेले दोन-तीन वीकेंड मी याच्याच मागे होतो.

तुटलेला हात मोजायला सोपा. १९१७ साली ब्रिटनने आपल्या सैनिकांसाठी टक्क्यांचा तक्ताच काढला. दोन अवयव गेले, १०० टक्के. गंमत म्हणजे चेहरा भयंकर विद्रूप झाला असेल तरी १०० टक्के. तो माणूस काम करू शकत असेलही, पण लोक त्याच्याकडे बघू शकत नाहीत, हे सरकारने मान्य केलं होतं. कंटिन्जंटच्या पलटणी १९०३ मध्ये भारतीय सैन्यात मिसळल्या होत्या, आणि त्यातली डेक्कन हॉर्स तेव्हा फ्रान्समध्ये लढत होती. तक्ता मात्र गोऱ्यांसाठी होता.

आपल्या शिपायांची कातडी मोजली गेली ती वेगळ्याच कामासाठी. १९३० च्या दशकापासून दहा वर्षांहून जास्त काळ ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो भारतीय सैनिकांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग केले. हा गॅस कातडीवर मोठाले फोड आणतो. गोऱ्या कातडीपेक्षा भारतीय कातडीला जास्त इजा होते का, हे त्यांना बघायचं होतं. काही जण अक्षरशः भाजून हॉस्पिटलात गेले. पुढे त्यांचं काय झालं याची चौकशी कोणी केली नाही. २००७ साली 'गार्डियन'ने हे छापलं तेव्हा ही गोष्ट जगाला कळली.

मग आज कातडी कशी मोजतात? अमेरिकेचा हिशोब अगदी एक्सेल शीटसारखा आहे. रोगाने शरीराचा ५ टक्क्यांहून कमी भाग व्यापला तर शून्य, ५ ते २० ला १०, २० ते ४० ला ३०, आणि त्यापुढे ६०. सतत गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील तरीही ६०. सोरायसिससारखा रोग उफाळतो आणि ओसरतो. तपासणीच्या दिवशी कातडी स्वच्छ असली तर? तिथल्या कोर्टाने १९९४ मध्ये सांगितलं की रोग उफाळलेला असतानाच तपासा. शहाणपणाचं आहे.

आपल्याकडे टक्क्यांआधीच एक 'इफ' आहे. रोग नोकरीमुळे झाला का, किंवा नोकरीमुळे बळावला का? वैद्यकीय मंडळाने 'नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड' लिहिलं की संपलं. आद्याक्षरं जोडली तर 'नाना' होतं! हिमदंश सुटतो, कारण कडाक्याच्या थंडीचे परिणाम १९८२ च्या नियमांच्या यादीतच आहेत. सोरायसिसवाला अडकतो. "हा तुझ्या घराण्यातलाच असेल," असं म्हणणं फार सोपं आहे हो.

दुसरा 'इफ' २० टक्क्यांचा. मुदत संपवून निवृत्त होणाऱ्याला २० च्या खाली काही नाही. पण २० मिळाले की राऊंडिंग लागतं: ५० च्या आतलं सगळं ५०, पुढे ७५, मग १००. म्हणजे १९ ला शून्य आणि २० ला ५०! कोडमध्ये अशी उडी दिसली तर आपण लगेच बग टाकू. हे राऊंडिंग मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही द्या, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या रामअवतार खटल्यात सांगितलं.

त्याहून मोठा निकाल २०१३ चा, धरमवीर सिंग यांचा. सिग्नल्समधला हा शिपाई फिट्स येतात म्हणून घरी पाठवला गेला होता. कोर्ट म्हणालं, भरतीच्या वेळी कागदावर रोगाची नोंद नसेल तर माणूस निरोगीच आला असं धरा. रोग नोकरीमुळे नाही, हे सिद्ध करायचं काम सरकारचं. संशयाचा फायदा शिपायाला. खटला फिट्सचा असला तरी कातडीवाल्यांनाही हाच मुद्दा कामाला येतो.

२०२३ मध्ये नियम पुन्हा बदलले, ते २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना लागू आहेत. त्यामुळे निवृत्तीची तारीख आधी बघायची.

असो. तुमच्या घरात कोणी फौजी मामा-काका असतील तर भरतीच्या मेडिकलची आणि प्रत्येक ॲडमिशनची प्रत जपून ठेवायला सांगा. रोग उफाळला की तारखेसकट फोटो काढा. अर्ज अडला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि तिथेही नाही जमलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईला खंडपीठ आहे. मंडळासमोर कातडी एकच दिवस दिसते, बाकीची वर्षं कागदालाच दाखवावी लागतात.